डस्टर एडब्ल्यूडीचा एक टायर फाटला: एक घेऊ, दोन घेऊ की चारही? आणि २१५/७० चालेल का?

देवगड_कलमबाग

नमस्कार मंडळी. गाडी रेनॉ डस्टर, ११० पीएस डिझेल, ऑल-व्हील-ड्राइव्ह (एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना जोर), २०१६ची. मी देवगड तालुक्यातला. हापूसची बाग आहे आणि ही गाडी घेतली तीच मुळी बागेच्या चढासाठी. घाटी (चढाची वाट) जांभ्याची, दोन्ही बाजूंना गडगा म्हणजे दगडी कुंपण, पावसात वर शेवाळ. बाकीच्यांच्या गाड्या खाली मांगराजवळच (बागेतल्या खोपीजवळ) लावतात, ही लॉकवर (पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारा मोड) टाकली की पहिल्या गिअरमध्ये सरळ वर जाते.

परवा उतरताना मागचं डावं चाक गडग्यातून निखळलेल्या चिऱ्याला घासलं. टायरची बगल चार बोटं फाटली, आतले धागे दिसायला लागले. पंक्चरवाल्याने बघूनच सांगितलं, बगलेला प्याच बसत नाही, टायर गेला. सध्या स्टेपनीवर आहे. स्टेपनी त्याच मापाची, लोखंडी रिमवर, आणि आजवर कधी रस्त्याला लागलेली नाही.

आता प्रश्न. गाडीचं माप २१५/६५ आर १६. दुकानदार म्हणतो, तुमच्या नक्षीचा टायर आता येत नाही. मग त्याने दोन मार्ग सांगितले. एक, दुसऱ्या कंपनीचे २१५/६५चे दोन नवे मागे टाका, पुढचे चालू द्या. दुसरा, त्याच्याकडे २१५/७० आर १६ तयार पडून आहेत, "थोडे उंच आहेत, तुम्हाला बागेत उलट बरेच", म्हणून तेच दोन मागे. चारही बदलायचे तर तीस-चाळीस हजारांच्या घरात जातं आणि आत्ताच खताचे, मजुरीचे पैसे भागवलेत. पण मृग तोंडावर आहे, गाडीशिवाय चालणार नाही. एडब्ल्यूडीला टायरच्या बाबतीत काही वेगळं पथ्य असतं का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सांगा.


ठाणे_ते_गुहागर

दोन टाका आणि निर्धास्त राहा. माझ्या स्विफ्टला मी कायम दोन-दोन करूनच बदलतो, गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो, आजवर काही झालेलं नाही. नवे मागे टाका फक्त, पावसात मागून गाडी सरकत नाही. ७०चं मात्र मला माहीत नाही.


कणकवली_गॅरेज

देवगडकर, आधी एक काम करा. मोडचा जो गोल नॉब आहे तो २डब्ल्यूडीवर (फक्त पुढच्या दोन चाकांना जोर) ठेवा आणि नवे टायर बसेपर्यंत तिथेच राहू द्या. लॉक नको, ऑटोसुद्धा नको. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आजच करा.

स्विफ्टबद्दल वर जे लिहिलंय ते स्विफ्टपुरतं अगदी बरोबर आहे. तिची मागची चाकं नुसती ओढत येतात, पुढच्यांशी त्यांचा काही संबंध नाही. तुमच्या गाडीत पुढून एक लांब शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडाशी एक कपलिंग आहे. आत क्लचच्या चकत्या एकाआड एक, विजेच्या चुंबकाच्या जोरावर त्या आवळल्या जातात. डाव्या-उजव्या चाकांच्या वेगात फरक पडला तर डिफरन्शियल तो झेलतं, ते त्याचं कामच आहे. पण पुढचा एक्सल आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये डिफरन्शियल नाही. तिथे हे कपलिंगच. पुढच्या-मागच्या वेगात फरक आला की तो या चकत्यांनी घसरून भरून काढायचा.

चिखलात दोन-चार मिनिटं घसरल्या तर काही बिघडत नाही, त्यासाठीच त्या घातल्यात. पण टायरचा घेरच वेगळा असेल तर सरळ कोरड्या रस्त्यावर, हातखंब्यापासून पनवेलपर्यंत, त्या घासतच राहणार. त्यात आणखी एक गोष्ट. ऑटोमध्ये गाडीचा कॉम्प्युटर एबीएसच्या सेन्सरवरून प्रत्येक चाकाचा वेग बघत असतो. लहान घेराचं चाक जास्त फिरतं. कॉम्प्युटरला वाटतं की ते चाक घसरतंय, म्हणून तो कपलिंग आणखी आवळतो. म्हणजे जिथे सैल सोडायला हवं तिथेच तो दाबतो.

आता आकडे, कारण दुकानदारासमोर आकडेच उपयोगी पडतात. २१५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बगलेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे जवळजवळ १४० मिमी. वर एक आणि खाली एक अशा दोन बगला, आणि मध्ये १६ इंची रिम म्हणजे ४०६ मिमी. बेरीज ६८६ मिमी व्यास, घेर २१५५ मिमी, एका किलोमीटरला सुमारे ४६४ फेरे. हेच २१५/७० आर १६चं केलं तर व्यास ७०७, घेर २२२२, फेरे ४५०. पुढे ६५ आणि मागे ७० टाकलेत तर दर किलोमीटरला १४ फेऱ्यांची तफावत, शंभर किलोमीटरला चौदाशे. तेवढं सगळं त्या चकत्यांच्या अंगावर. दोन ७० मागे टाकायचा विचार डोक्यातून काढून टाका. ज्याने सुचवलं त्याने बहुतेक मागचं शाफ्ट पाहिलेलंच नाही.

मापाचेच दोन नवे टाकले तर? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. तुमचे पुढचे समजा ५ वर आले असतील. ३ मिमीचा फरक म्हणजे व्यासात ६, घेरात १९ मिमी, किलोमीटरला चार फेरे. हे कागदावरचं. रेडियल टायर जमिनीवर दबून चालतो, त्यामुळे रस्त्यावर फरक थोडा कमी भरतो, पण जात नाही.

किती फरक चालतो याबद्दल सुबारूचा नियम सगळ्यात कडक. त्यांच्या जवळजवळ सगळ्या गाड्या एडब्ल्यूडी, आणि ते सांगतात की चारही टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक नको. पाव इंच म्हणजे ६ मिमीच्या थोडं वर, नक्षीच्या खोलीत धरलं तर १ मिमी. बाकीच्यांत दीड ते अडीच मिमीपर्यंत सूट देणारे आहेत. मी माझ्या गिऱ्हाइकाला दीडच्या पुढे जाऊ देत नाही.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे एक एडब्ल्यूडी आली. पुढे दोन कोरे टायर, मागे दोन गोटा झालेले. अंगणात पूर्ण स्टेअरिंग कापून वळवली तर गाडी अडखळत, धक्के देत वळत होती. मागच्या डिफरन्शियलपाशी वाकलो तर जळकट वास. मालकाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. कपलिंग पूर्ण बदलावं लागलं आणि त्या पैशांत टायरांचे दोन सेट आरामात आले असते. म्हणून एवढं लिहितोय. टायर विकणाऱ्याने गाडीखाली वाकून एकदा तरी बघायला हवं की मागे शाफ्ट जातोय का. तो गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

तुमचे टायर मोजून आकडे इथे टाका, मग बोलू. व्हर्नियरच्या शेपटीची जी बारीक पट्टी बाहेर येते ती नक्षीच्या खाचेत टेकवून खोली घ्या. प्रत्येक टायरला आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणं. खाचेत मध्येमध्ये जे बारीक उंचवटे दिसतात त्यांच्यावर पट्टी टेकवू नका, ती १.६ मिमीची खूण आहे. नक्षी तिथवर आली की टायर कायद्यानेही संपला.

आणि खळं सपाट असेल तर घेरही मोजा. सकाळी गाडी थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीप्रमाणे चारही चाकांत हवा करा. टायर जमिनीला टेकतो तिथे टायरवर आणि जमिनीवर खडूने एकच रेघ मारा. गाडी न्यूट्रलला घालून दोघांनी सरळ ढकला, पाच फेरे पूर्ण झाले की पुन्हा जमिनीवर रेघ. टेपने अंतर घ्या. एका फेऱ्यावर भरवसा ठेवू नका, पाच घेतले की चूक वाटली जाते.


भाट्ये_किनारा

थोडं विषयाला धरूनच विचारतो. माझी ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप (तीही एडब्ल्यूडीच), माप २१५/६० आर १७. रत्नागिरीत एकाने सांगितलं की २२५/६० आर १७ "रुंद आणि दणकट", दोन पुढे टाका, फक्त दहा मिलिमीटरचा तर फरक. माझ्या गाडीत मोड ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक एवढेच, २डब्ल्यूडी असा पर्यायच नाही. मग काय करायचं?


कणकवली_गॅरेज

भाट्येकर, तो दहा मिलिमीटरचा फरक रुंदीतला. पण ६० हा आकडा रुंदीचा टक्का असल्यामुळे रुंदी वाढली की बगलही वाढते. २१५/६० आर १७चा व्यास ६९०, २२५/६०चा ७०२. घेरात जवळपास ३८ मिमी जास्त. अशी जोडी एका एक्सलवर टाकू नका. तुमच्या गाडीला मागची चाकं सोडवून ठेवायची सोयच नाही, तेव्हा तुम्हाला देवगडकरांपेक्षा जास्त सांभाळायला हवं. दुकानात नुसतं "१७ इंची" सांगू नका, तिन्ही आकडे सांगा आणि त्यापुढचा भारांक सांगा. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ९८ म्हणजे ७५०, ९५ म्हणजे ६९०. कंपनीने दिलाय त्याच्या खालचा घ्यायचा नाही.


मालवणी_माणूस

कायव कर, पण येक नवो नि तीन जुने असा करू नको. माझ्या चुलत्यान केल्यान नि मगे वळताना गाडी सारखी ओढी मारी. शेवटी चारव बदलूकच लागले.


देवगड_कलमबाग

काका, तुमचं वाचलं आणि लगेच नॉब २डब्ल्यूडीवर टाकला. आज मुलाला हाताशी घेऊन खळ्यात मोजणी केली. पावसाआधीचं खळं, सारवलेलं नाही, चिरे बसवलेलं, म्हणून रेघा छान उमटल्या.

नक्षी: पुढचं डावं ४.९, पुढचं उजवं ४.७, मागचं उजवं ६.१. मागे डावीकडे सध्या स्टेपनी आहे ती पूर्ण ८. फाटलेला टायरही मोजला, तो ६.० होता.

पाच फेरे: मागचं उजवं १० मीटर ४४ सेंटिमीटर. स्टेपनी १० मीटर ४९. म्हणजे एकाच एक्सलवर दर फेऱ्याला एक सेंटिमीटरचा फरक निघतोय. डोळ्याला तर दोन्ही चाकं सारखीच दिसतात! मुलाला खरं वाटेना, त्याने पुन्हा ढकलायला लावून परत मोजलं, तेवढंच आलं.

बगलेवरचे शेवटचे चार आकडे (बनल्याचा आठवडा आणि वर्ष): चालू टायरांवर ३४२०, स्टेपनीवर १११६. पुढचे आतल्या कडेला जरा जास्त झिजलेत.

नवे घ्यायचेच झाले तर ऑल-टेरेन नक्षीचे घेऊ का? बाग महत्त्वाची आहे, पण महिन्यातून एकदा-दोनदा फोंडा घाटाने कोल्हापूरलाही जातो.


कणकवली_गॅरेज

शाब्बास. असे आकडे समोर ठेवणारं गिऱ्हाईक मिळालं की माझं काम अर्धं होतं.

दोन नवे मागे टाकले तर मागे ८, पुढे सरासरी ४.८. फरक ३.२ मिमी, घेरात २० मिमी. नाही चालणार. दोन नवे पुढे टाकले तर मागच्या ६.१ला जोड लागणार आणि त्या नक्षीचा टायर येत नाही म्हणताय. अमेरिकेत अशा वेळी नव्या टायरची नक्षी यंत्रावर तासून जुन्याएवढी करून देतात, आपल्याकडे ती सोय नाही. कुठेतरी तसाच अर्धा वापरलेला टायर शोधून बसवायचा तर त्याला आतून मार बसलाय का, हे बाहेरून कळत नाही. तुम्ही ओल्या शेवाळावर, गडग्याच्या कडेने माणसं घेऊन उतरता. तिथे मी तो टायर बसवणार नाही.

तर चार नवे. मला माहीत आहे तुम्हाला हेच ऐकायचं नव्हतं. पण पैसे थोडे परत येतात. मागचा उजवा ६.१चा टायर स्टेपनीच्या लोखंडी रिमवर चढवा. तो २०२०च्या ३४व्या आठवड्यातला आहे, अडीअडचणीला चालेल. पुढचे दोन विका. डस्टर नुसती पुढची चाकं ओढणारीही खूप आहे आणि त्या मालकाला जोडीने हे टायर वापरता येतील. स्टेपनीवरचा १११६ मात्र कुणाला देऊ नका. २०१६च्या अकराव्या आठवड्यातला आहे तो. नक्षी कोरी असली तरी रबर कडक झालेलं असतं. बगल अंगठ्याने दाबून बघा, बारीक भेगा उघडतील. आपल्याकडे दुकानात "कोरा आहे" म्हणून असलाच टायर गळ्यात मारतात.

माप २१५/६५ आर १६च, भारांक ९८, वेगाचं अक्षर (टायर किती वेग झेलतो ते सांगणारं) एच. चारही एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. एकाच मापाचे टायरही दोन कंपन्यांचे शेजारी लावून मोजले तर काही मिलिमीटरचा फरक निघतो, त्यामुळे "माप तेच आहे ना" एवढ्यावर थांबू नका. चौघांवरचे आठवड्याचे आकडे जवळपासचे असावेत आणि बसवण्याआधी ते स्वतः वाचा.

चारही ७० टाकले तर काय, असं तुमच्या मनात येईलच. कपलिंगला त्याचं काही वाटणार नाही, कारण चारही सारखे. पण घेर तीन टक्क्यांनी वाढतो. काटा ८०वर असताना गाडी ८२-८३ने पळत असते. आणि मुख्य म्हणजे मोठं चाक ओढायला जड. तुमच्या गाडीचा पहिला गिअर मुद्दाम आखूड दिलाय तो चढासाठी, मोठ्या टायरने त्यातलाच थोडा जोर काढून घेतल्यासारखं होतं. स्टेअरिंग पूर्ण कापल्यावर आतल्या प्लास्टिकला घासतं का तेही बघावं लागतं. शिवाय कंपनीच्या मूळ मापापासून दूर गेलं की विम्याच्या दाव्यात प्रश्न निघू शकतात. उंची हवी म्हणून हा सगळा उपद्व्याप करावा असं तुमच्या घाटीत मला तरी काही दिसत नाही.

कुणाला १७ इंची रिम हवीच असेल तर २१५/६० आर १७ हे माप जवळचं, व्यासात ४ मिमीचा फरक. पण रिमसकट चारही, आणि स्टेपनीचाही हिशेब करावा लागतो. तुम्हाला मी १६वरच राहा म्हणेन. बगल उंच असलेली बरी, चिऱ्याची धार आधी रबराला लागते, रिमला नाही.

ऑल-टेरेनबद्दल. तुमच्या वापराला मध्यम नक्षीचे चालतील, फार दातेरी नकोत. दातेरी टायर ओल्या डांबरावर साध्या टायरएवढा धरत नाही, आणि फोंडा घाटात पावसात उतरताना तुम्हाला डांबरावरची पकडच लागणार आहे. घेताना बगल किती पदरी आहे ते विचारा. तुमचा टायर नक्षीमुळे नाही गेला, बगलेमुळे गेला. मात्र दोन ऑल-टेरेन आणि दोन साधे असं कधीच नको. घेर वेगळा, पकड वेगळी, एबीएसचाही गोंधळ.

पुढचे आतून झिजलेत म्हणजे अलाइनमेंट आधीपासूनच गेलेली आहे. नवे टायर चढले की त्याच दिवशी करून घ्या. नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा पुढे-मागे फरक पडायला लागेल. त्यानंतर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे. डस्टरचे पुढचे टायर लवकर झिजतात, तुमच्या आकड्यांतही ते दिसतंयच. एडब्ल्यूडीला ही अदलाबदल चुकवायची नसते.


ठाणे_ते_गुहागर

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. पुढच्या महिन्यात भावाची एक्सयूव्ही ५०० एडब्ल्यूडी टायरला जाणार आहे, त्याला हा धागा पाठवलाय. त्याची २३५/६५ आर १७ आहे, एक टायर नवा आणि तीन जुने असं सध्या चाललंय. त्याला नॉब वगैरे काही दिसत नाही म्हणतो.


कणकवली_गॅरेज

त्यांना सांगा, आधी चारही टायर मोजा, मोड कसा बदलतो ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि तोवर लांबचा प्रवास टाळा. फरक दीडच्या आत असेल तर घाई नाही.


देवगड_कलमबाग

काका, ठरवलं. कोल्हापुरातून चार मागवलेत, २१५/६५ आर १६, ९८ एच, मध्यम ऑल-टेरेन, बगल दोन पदरी. दुकानदाराला आधीच सांगितलंय की चौघांच्या आठवड्याच्या आकड्यांचे फोटो पाठव, मगच पैसे देतो. तो थोडा कुरकुरला, पण पाठवतो म्हणाला. शुक्रवारी गाडी तुमच्याकडेच आणतो, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगला. भाट्येकर, तुमच्या मापाचंही विचारून ठेवलंय, २१५/६० आर १७ आठ दिवसांत येतात म्हणाला.


कणकवली_गॅरेज

या. सकाळी लवकर या, गाडी थंड असताना मोजू. आणि ज्या चाकाला चिरा लागला त्याची रिम सोबत आणा, आतली कड बघायची आहे. खाऱ्या हवेत तिथला रंग उडाला की गंज धरतो आणि टायर जिथे बसतो तिथून हवा झिरपत राहते. कड दुमडली असेल तर नवा टायर तिच्यावर चढवायचा की नाही ते बघून ठरवू. फाटलेला टायरही टाकून देऊ नका, बगल किती आत गेली ते मला पाहायचंय.